तुम्ही विचारलंत म्हणून: न पटणाऱ्या वचनांचं काय करता?

'पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, सगळं तुम्हाला पटतं? नसेल पटत, तर विश्वास कसला?' हा प्रश्न मला बरेचदा येतो. विचारणाऱ्याने बहुधा नुकतंच यहोशवाचं पुस्तक वाचलेलं असतं. त्यात इस्राएली लोकांपुढे यरीहो शहराचा कोट कोसळतो आणि आतली बायामाणसं, म्हातारीकोतारी, गुरंढोरंसुद्धा तलवारीखाली जातात.

नाही, सगळं पटत नाही. यरीहो तर नाहीच. 'तो काळच तसा होता' हे उत्तर मला कधी पुरलं नाही. मग नकोशी पानं फाडायची? तेही करून झालंय. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने अख्खा जुना करारच, म्हणजे बायबलचा पहिला भागच, नाकारला. इ.स. 144 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. अशी निवड करत गेलो, तर शेवटी माझ्याच मतांचा देव उरेल, आणि माझी मतं मला ठाऊक आहेत!

मी येऊन टेकतो तो योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) सहाव्या अध्यायावर. पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत कफर्णहूमला येतात. तिथल्या सभास्थानात तो म्हणतो, माझा देह खा, माझं रक्त प्या. ऐकणारे यहुदी, प्राण्याचं रक्तही त्यांना वर्ज्य. शिष्यच कुरकुरतात, हे कोण ऐकून घेणार? येशू सारवासारव करत नाही. पुष्कळ जण त्याला सोडून जातात. मग तो आपल्या निवडक बारा शिष्यांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का? त्यांच्यातला पेत्र म्हणतो, 'प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?' आपल्याला सगळं उमगलंय, असं तो म्हणत नाही. त्याचा भरवसा बोलणाऱ्यावर आहे. माझंही तसंच आहे.

आणि भरवसा ठेवला म्हणजे तोंड मिटून बसायचं, असं थोडंच आहे? जुन्या करारातला ईयोब दुःखात पिचलेला असताना देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची वकिली करतात: दुःख आलंय, म्हणजे तू पाप केलंच असशील. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर! माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, म्हणतो. वर ईयोबानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असंही सांगतो. कठीण उताऱ्यांवर गुळगुळीत प्रवचन ऐकलं की मला हे मित्र आठवतात.

एका बाबतीत मात्र मी थांबत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं 'दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा' हे वचन गुलामांच्या मालकांनी सोयीस्करपणे वापरलं. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरूने पूर्वीच सांगून ठेवलंय की, ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून कळलेलंच नाही. म्हणून मार खाणाऱ्या बायकोला कुणी 'पतीच्या अधीन राहा' हे वचन ऐकवू लागला, की मी त्याला तिथेच अडवतो.