एका दाखल्यासाठी ४१ दिवस

माझ्या मुलीला अमेरिकेतील एका लहान खासगी कॉलेजात पदवीच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आणि खर्चाचा फार मोठा भाग त्या कॉलेजनेच उचलला, हे समजल्यापासून ओळखीच्या घरांतून माझ्याकडे सारखी विचारणा होत असते. निबंध कोणाकडून तपासून घेतला, दहावीला किती टक्के होते, एजंट कोणता गाठला, असे बहुतेकांचे प्रश्न असतात. निबंध तिने स्वतः लिहिला आणि एजंट आम्ही कोणताही केला नव्हता. ज्या एका कागदाने आम्हाला खरोखर रडकुंडीला आणले, त्याबद्दल मात्र आजवर मला कोणीही विचारलेले नाही. तो कागद म्हणजे माझ्या स्वतःच्या मानधनाचा दाखला, आणि हा अनुभव मुख्यतः त्याच्यासाठीच लिहीत आहे.

आधी आमची परिस्थिती सांगते, कारण आर्थिक मदतीचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा असतो. माझे पती भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी शहरातील एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात ११ वर्षे ठोक मानधनावर काम करत आले आहे. आम्ही धनकवडीत राहतो, आणि भोर तालुक्यात सासऱ्यांच्या नावावर, त्यांच्यासह तीन भावांत अजून वाटणी न झालेली थोडी भातशेती आहे. आम्ही अर्ज केले तेव्हा अमेरिकेतील नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च ८५,००० ते ९०,००० डॉलरच्या घरात जात होता. आमच्या दोघांची आयुष्यभराची बचत एकत्र केली असती, तरी त्यात एक वर्ष निघाले नसते. मदत मिळाली तरच जायचे, नाहीतर पुण्यातच शिकायचे, हे आमच्या घरात पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की मुलीला ९५ टक्के आहेत, तर शिष्यवृत्ती मिळेल का. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी विद्यापीठे गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे प्रवेश मिळालेला प्रत्येक जण हुशारच असतो, त्यामुळे पैसे केवळ कुटुंबाची गरज पाहून दिले जातात. दुसरा प्रश्न, मदत मागितली तर प्रवेश हुकतो का. याचे उत्तर कॉलेजगणिक वेगळे आहे. आम्ही २०२४ च्या प्रवेशासाठी अर्ज केले, तेव्हा हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचाही अर्ज वाचताना घरची ऐपत पाहत नव्हती. ब्राउनने तसे करायला त्यानंतरच्या वर्षापासून सुरुवात केली. याला ते नीड-ब्लाइंड म्हणतात. बाकीच्या बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलाने मदत मागितली आहे ही गोष्ट निर्णयात धरली जाते, हे मनाशी पक्के ठेवूनच यादी करावी. पण म्हणून आधी मदत न मागता प्रवेश घ्यायचा आणि नंतर मागायची, हा विचार कोणीही करू नये. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजे पुढे चारही वर्षे मदतीचा अर्ज करू देत नाहीत. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाला हे फार उशिरा कळले आणि त्यांना हातात आलेला प्रवेश सोडून द्यावा लागला.

कॉमन अॅप या, अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या ऑनलाइन सोयीवरचा अर्ज, ६५० शब्दांचा निबंध, नववीपासूनच्या गुणपत्रिका, शिक्षकांची पत्रे हे सगळे डिसेंबरअखेर सुरळीत पार पडले. रसायनशास्त्राच्या सरांनी तर एका रविवारी घरी बसून पत्र अपलोड केले. त्यानंतर सीएसएस प्रोफाइल नावाचा मोठा आर्थिक अर्ज भरायचा होता. तो कॉलेज बोर्ड नावाची अमेरिकन संस्था चालवते. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक कॉलेजसाठी १६ डॉलर पडतात. काही कॉलेजे ई-मेलने विनंती केल्यास शुल्कमाफीचा कोड देतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे. अमेरिकन नागरिक जो फाफ्सा नावाचा अर्ज भरतात, तो आपल्यासाठी नाही. सीएसएसमधील रकमा रुपयांतच भरायच्या असतात आणि त्या पूर्ण आकड्यांत लिहायच्या. लाख-कोटी त्यांना समजत नाहीत. त्यांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि आपले एप्रिल ते मार्च, त्यातून आमच्या आयकर विवरणपत्रावर आकारणी वर्ष २०२३-२४ छापलेले होते आणि उत्पन्न मात्र २०२२-२३ चे होते. अर्जाच्या शेवटी खुलासा लिहिण्यासाठी जागा आहे. तेथे ही गोष्ट दोन वाक्यांत लिहून टाकली की पुढचा पत्रव्यवहार वाचतो. शेतीची किंमत मी रेडी रेकनरच्या दराने काढली, त्यातील सासऱ्यांचा हिस्सा वेगळा केला आणि जमिनीची वाटणी झालेली नाही हे त्याच खुलाशात लिहिले. सातबाऱ्याचा इंग्रजी तर्जुमा मुलीने केला.

यानंतर कागदपत्रांची पाळी आली. पतींचा फॉर्म १६ आणि विवरणपत्र तयार होते. माझे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असल्याने मी विवरणपत्र भरलेले नव्हते. अशा वेळी बहुतेक कॉलेजे नोकरीच्या ठिकाणचे, लेटरहेडवरील, वर्षभराचे उत्पन्न सांगणारे पत्र मागतात. त्यात काय अवघड आहे, असे मलाही वाटले होते. कागदपत्रांची मुदत १ फेब्रुवारी होती आणि मी संस्थेच्या कार्यालयात अर्ज दिला तो २६ डिसेंबरला, मंगळवारी. मंगळवार मुद्दाम निवडला होता, कारण सचिव सह्यांसाठी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येत असत.

लिपिक भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, पण आवक क्रमांक दिला नाही. "ताई, घरचेच काम आहे, नंबर कशाला?" असे ते म्हणाले, आणि ११ वर्षांची ओळख असल्याने मीही आग्रह धरला नाही. ही माझी चूक. पुढच्या दोन आठवड्यांत मी तीनदा विचारून आले. प्रत्येक वेळी "सहीला ठेवला आहे" हे एकच उत्तर मिळाले. चौथ्या खेपेला मी सहीची फाइल उघडून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यात माझा अर्ज नव्हता. बऱ्याच शोधानंतर तो दुसऱ्या एका कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जाला मागून टाचलेला सापडला. रजा केव्हाच मंजूर झाली होती, त्यामुळे ती फाइल कपाटात गेली होती आणि तिच्याबरोबर माझा अर्जही.

१२ जानेवारीला दाखला मिळाला. तो मराठीत होता. बँकेच्या कर्जासाठी कार्यालयात जो छापील नमुना असतो, त्यातच माझे नाव घातले होते. "यांना दरमहा रु. १२,००० मानधन देण्यात येते. सदर दाखला बँकेच्या कर्जाच्या कामासाठी देण्यात येत आहे," एवढाच मजकूर होता. आम्हाला मे महिन्याचे मानधन मिळत नाही. म्हणजे वर्षाचे माझे उत्पन्न १,३२,००० रुपये होते, आणि अर्जात मी तेच लिहिले होते. हा दाखला वाचणारा माणूस मात्र १२ ने गुणून १,४४,००० काढणार. बारा हजारांचा फरक डॉलरमध्ये फार नाही, पण अर्जातील आकडा आणि कागदावरील आकडा जुळला नाही की शंका घेतली जाते आणि शंका घेतली की अर्ज बाजूला पडतो, ही धास्ती मला रात्री झोपू देत नव्हती. शिवाय दाखल्याचा विषयच कर्ज हा होता.

मुलीने इंग्रजीत चार ओळींचा मसुदा करून दिला: आर्थिक वर्ष, ११ महिन्यांचे मानधन, एकूण रक्कम आणि मे महिन्याचा खुलासा. तो घेऊन मी १६ जानेवारीला स्वतः सचिवांसमोर उभी राहिले. त्यांनी तो वाचला आणि मसुद्यातील सॅलरी या शब्दावर बोट ठेवले. "तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, मानधनावर आहात. हा शब्द लिहून दिला तर उद्या तुम्ही कायम करण्याची मागणी कराल," असे ते म्हणाले. ११ वर्षे सकाळी साडेसातला ज्या ग्रंथालयाचे कुलूप मी उघडले, त्या ग्रंथालयाच्या संस्थेने मला हे तोंडावर सांगितले. मी तेथे काहीच बोलले नाही. बाहेर येऊन जिन्यात थांबले, सॅलरी खोडून त्या जागी ऑनरेरियम, म्हणजे मानधन, असे लिहिले आणि पुन्हा आत गेले. तोपर्यंत ते निघून गेले होते. १९ तारखेच्या शुक्रवारी टंकलेखन झालेले नव्हते, कारण लेटरहेड ज्या कपाटात असतात त्याची किल्ली असलेली व्यक्ती सुट्टीवर होती. २२ तारखेला सार्वजनिक सुट्टी होती. २३ ला सचिवांनी पत्र वाचून "पाहतो" म्हणून ठेवून घेतले. २६ तारखेचा शुक्रवार प्रजासत्ताक दिनाचा होता. ३० तारखेला ते बाहेरगावी जाणार असल्याचे मला २७ ला कळले.

मुदत १ फेब्रुवारीची होती आणि मुलीची बारावीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. तिच्या अभ्यासाच्या दिवसांत घरात फक्त या एका कागदाचीच चर्चा चालू होती, याचे मला आजही वाईट वाटते. सोमवारी, २९ जानेवारीला, मी रजा टाकून शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर नोटरीकडून माझ्या उत्पन्नाचे शपथपत्र करून घेतले आणि त्याच रात्री मुलीने कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ई-मेल लिहिला. काय घडले ते सगळे तिने सरळ सांगितले: आईची संस्था पत्र देण्यास वेळ लावत आहे, आमच्याकडे बँकेचे पासबुक आहे, शपथपत्र आहे, यातील काय चालेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आले. नोटरीची आवश्यकता नाही. आईने साध्या कागदावर स्वतःचे उत्पन्न लिहून सही करावी, मानधन जमा झाल्याच्या नोंदी दिसतील अशी पासबुकाची पाने जोडावीत, मराठी मजकूर असल्यास भाषांतर विद्यार्थिनीने केलेले चालेल आणि संस्थेचे पत्र नंतर मिळाले तर नंतर पाठवावे. शेवटी परीक्षेसाठी शुभेच्छा होत्या. ते उत्तर मी मुलीला दोनदा मोठ्याने वाचायला लावले. ज्या लोकांनी मला कधी पाहिलेही नव्हते, त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता. ३१ जानेवारीला सगळे अपलोड झाले.

संस्थेचे पत्र ५ फेब्रुवारीला, म्हणजे अर्ज दिल्यापासून ४१ व्या दिवशी आणि मुदत संपल्यावर चार दिवसांनी मिळाले. मजकूर बिनचूक होता.

म्हणून माझे सांगणे असे आहे, की ज्या कागदावर दुसऱ्या कोणाची सही लागते तो कागद निबंधाला हात घालण्यापूर्वी, जुलै-ऑगस्टमध्येच मागावा. निबंध रात्री दोन वाजता बसूनही पूर्ण करता येतो. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. मजकूर स्वतः टाइप करून न्यावा. आणि कागद अडला तर घाबरून गप्प न बसता मुदतीपूर्वी कॉलेजला लिहावे. मी ते दोन आठवडे आधी केले असते तर नोटरीचा खर्च आणि मुलीचे ते दिवस दोन्ही वाचले असते.

आणखी एक आठवले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉलेजची मुदत त्यांच्या रात्री ११.५९ ची असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२९ ला संपते. पण मदतीच्या कागदांसाठी त्या शेवटच्या सकाळवर विसंबू नये, कारण एकेक पान स्कॅन करून चढवायला फार वेळ लागतो. मोफत मार्गदर्शन हवे असेल तर यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या मुंबई कार्यालयातील एज्युकेशनयूएसए या मार्गदर्शन केंद्राशी संपर्क साधावा. हजारो रुपये मागणाऱ्या सल्लागाराने जे सांगितले नव्हते, ते आम्हाला तेथे समजले.

मार्चअखेरीस निकाल लागले. सहा ठिकाणी नकार आला, दोन ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागले आणि एका ठिकाणी प्रवेशासोबत मदतीचे पत्र आले. हार्वर्डसारख्या ठिकाणी तेव्हा १०० अर्जांमागे चार जणांनाही प्रवेश मिळत नव्हता, हे माहीत असल्याने नकारांचे दुःख आम्ही फार केले नाही. मदतीच्या पत्रात कॉलेजचे अनुदान, मुलीने कॅम्पसवर काम करून मिळवायची रक्कम आणि आम्ही भरायची रक्कम वेगवेगळी मांडलेली होती. अनुदान परत फेडायचे नसते. पत्रात कर्ज धरले आहे का, हे मात्र प्रत्येकाने नीट पाहावे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, त्यामुळे त्या कमाईवर घरी पैसे पाठवण्याची स्वप्ने मुलांना दाखवू नयेत. व्हिसाची मुलाखत मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात झाली आणि काही मिनिटांत संपली.

आमच्या कॉलेजला मदतीचे कागद दरवर्षी नव्याने द्यावे लागतात. यंदा मी मानधनाच्या दाखल्याचा अर्ज जुलैच्या पहिल्याच मंगळवारी दिला, सोबत गेल्या वेळच्या पत्राची प्रत आणि टाइप केलेला मजकूर जोडला. भाऊसाहेबांनी अर्ज घेऊन बाजूला ठेवला. मी काउंटरपाशी उभी राहिले आणि त्यांनी नोंदवही पुढे ओढून आवक क्रमांक लिहीपर्यंत तेथून हलले नाही.