पॉल जोन्सची ब्लूज मैफल आणि कापसाचा मुलूख

बीबीसी रेडिओ २ वर पॉल जोन्स यांनी १९८६ पासून २०१८ पर्यंत दर आठवड्याला ब्लूज या, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांतून आलेल्या संगीताचा कार्यक्रम सादर केला. लंडनमध्ये संध्याकाळ असे तेव्हा आमच्या चोपड्यात मध्यरात्र उलटलेली असे, आणि शेजारच्या जिनिंगची घरघर थांबली की मी इंटरनेटवर तो लावीत असे. जोन्स स्वतः हार्मोनिका वाजवतात. म्हणूनच असेल, पण गाण्याआधी ते मोजकेच बोलत आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत मध्ये येत नसत. आपल्या निवेदकांनी एवढे तरी उचलावे.

रेडिओवर ब्लूज ऐकवण्याच्या या परंपरेचे मूळ मात्र अमेरिकेतील कापसाच्या मुलखात आहे. आर्कान्सामधील हेलेना येथे २१ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘किंग बिस्किट टाइम’ हा रेडिओवरचा दैनंदिन कार्यक्रम सुरू झाला, ज्याला पीठ विकणाऱ्या एका कंपनीने पैसा पुरवला आणि ज्यात सनी बॉय विल्यमसन व रॉबर्ट लॉकवुड प्रत्यक्ष वाजवीत. वेळ दुपारी सव्वाबाराची, म्हणजे शेतमजुरांच्या भाकरीची. पुढे ब्लूजचे नामवंत गिटारवादक झालेले, तरुणपणी शेतात राबणारे बी. बी. किंगही तो ऐकत. ब्लूजच्या बारा मात्रागटांच्या फेरीत पहिली ओळ बहुधा पुन्हा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. कापूस वेचणाऱ्या आमच्या बायाही अहिराणी गाण्याची ओळ अशीच घोळवतात, दुसऱ्या सरीवरची बाई ती उचलेपर्यंत. ही गाणी दर आठवड्याला, ठरल्या वेळी, गाणारणीच्या गावासह ऐकवणारा कार्यक्रम जळगाव आकाशवाणीवर मला आवडेल.