बॅटची जुनी शीट काढून नवीन लावली, माझा अनुभव

आधीच सांगतो, मी बॅट रिपेअरवाला वगैरे कोणी नाही. ऑफिस सांभाळून रविवारी लेदर बॉल खेळतो आणि पावसाळ्यात कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनला आमच्या क्लबकडून सातव्या-आठव्या नंबरला जातो, एवढीच लायकी. पण गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या एकुलत्या एका इंग्लिश विलो लाकडाच्या बॅटची वाट लागायची वेळ आली आणि शीट (फेसवर, म्हणजे चेंडू लागतो त्या सपाट बाजूवर चिकटवतात ती प्लास्टिकची पातळ फिल्म) स्वतःच काढून स्वतःच लावली, त्यात जे चुकलं आणि जे जमलं ते लिहून टाकतो.

कांगा म्हणजे काय ते मुंबईबाहेरच्यांसाठी दोन ओळी. १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणारी लीग, ओली विकेट, आउटफिल्डला घोट्याएवढं गवत, ग्राउंड शॉट मारला की चेंडू तिथेच रुतून बसतो, म्हणून सगळे उचलूनच मारतात. चेंडू भिजून जड झालेला असतो आणि आपण स्टान्स घेऊन बॅट टक टक आपटत असतो ती त्याच चिखलात. पाणी बॅटच्या फेसवरून फारसं आत जात नाही, ते जातं खालून, टोमधून, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकातून. हे मला आत्ता कळलंय, तेव्हा वाटायचं शीट लावलीय म्हणजे बॅटने रेनकोट घातलाय.

झालं असं की तिसऱ्या मॅचनंतर बघितलं तर टोजवळ शीटखाली काळपट डाग, वर दोन मोठे बुडबुडे, आणि आवाज बदललेला. आधी चेंडू मधोमध बसला की टक्क असा कोरडा आवाज यायचा, आता थप्प. स्ट्रोकच (चेंडू बॅटवरून उसळून जातो तो जोर) गेला होता. बॅट घेताना दुकानदाराने तिथल्या तिथे दहा मिनिटांत शीट चिकटवून दिली होती आणि वर म्हणाला, "शीट लावली ना साहेब, आता तेलाची झंझट नाही." अर्धं खरं होतं ते, शीटखालच्या फेसला रोज तेल लागत नाही, पण टो, कडा आणि मागची बाजू तर उघडीच असते ना! दोन वर्षं मी बॅटला तेलाचा थेंब दाखवला नव्हता. चूक माझीपण आहेच.

आता शीट काढणं. पहिला प्रयत्न रात्री अकरा वाजता, नखाने कोपरा उचलला आणि बँड-एड काढतो तसा खस्सकन ओढला. चार इंचाचं लाकडाचं कुसळ शीटबरोबर वर आलं. माझ्या पोटात गोळा आला, खरंच सांगतो, तिथेच थांबलो, ते कुसळ परत जागेवर दाबून बसवलं आणि वर सेलोटेप लावून झोपायला गेलो, झोप कसली येतेय.

दुसऱ्या दिवशी आमच्या क्लबमधल्या एका सीनियर काकांना फोन केला, ते पन्नास वर्षं मैदानात आहेत. ते म्हणाले, "अरे गाढवा, गरम करून काढायची असते ती, आणि वर नाही ओढायची, मागे दुमडत न्यायची." मग बहिणीचा हेअर ड्रायर मागितला. तिने दिला पण "दादा, तीन हजाराचा आहे हं" हे दोनदा ऐकवून.

पद्धत अशी. ड्रायर मध्यम गरमवर, दोन-तीन इंचाच्या भागावर दहा-पंधरा सेकंद फिरवत राहायचा, एका जागी धरायचा नाही, नाहीतर लाकूड सुकून तडकायची भीती. गोंद मऊ झाला की शीटचं टोक स्वतःवरच दुमडून, बॅटला जवळजवळ चिकटूनच, ग्रेन्सच्या (लाकडातल्या उभ्या रेषांच्या) दिशेने हळूहळू सरकवायचं. मी बॅटच्या खांद्याकडून (हँडलजवळच्या वरच्या भागाकडून) खाली टोच्या दिशेने आलो. कुठे अडकलं की जोर लावायचा नाही, परत ड्रायर. पूर्ण शीट निघायला पाऊण तास लागला आणि त्यात पाठ मोडली. आत बारीक धागे असतात ना शीटमध्ये, त्यातले काही लाकडालाच चिकटून राहिले, ते चिमट्याने एकेक उपटले.

शीट निघाल्यावर जे दिसलं त्याने सगळी मेहनत वसूल झाली. फेसवर चेंडूच्या शिवणीचे बारीक वळ उमटलेले होते, आणि ते सगळे कुठे, तर टोपासून चार-पाच इंचावर! म्हणजे मी दोन वर्षं ज्याला मिडल समजत होतो ते बॅटचं पोट (फटका सगळ्यात जोरात बसतो तो भाग) नव्हतंच, मी खालीच मारत होतो. आणि तिथेच टोकडून वर चढलेली केसासारखी चीर, साधारण दोन इंच. शीटमुळे ही दिसलीच नसती, अजून दोन मॅच खेळलो असतो तर खालचा तुकडाच हातात आला असता.

मग चिकटा. जुन्या गोंदाचा थर तसाच असतो, हात लावला की बोटं चिकटतात. मी स्मार्टपणा केला, खोबरेल तेल चोळलं, डब्यावरचे स्टिकर तसेच निघतात म्हणून. चिकटा निघाला पण लाकडाने तेल प्यायलं आणि त्यावर नवीन शीट धरणार कशी? परत काकांच्या शिव्या. मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कपड्यावर थोडंसंच घेऊन पुसलं (खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस चालू नको), आणि पॉलिश पेपर, आधी १५०, मग २४०, शेवटी ३२० नंबर. सगळं ग्रेन्सच्या दिशेने, आडवं एकदाही नाही. जास्त घासायचा मोह होतो कारण लाकूड मस्त पांढरं दिसायला लागतं, पण तो फेस दाबून दाबून कडक केलेला असतो, तोच थर घासून काढला तर नॉकिंग (जुन्या चेंडूने ठोकून ठोकून फेस तयार करणं) पहिल्यापासून. मी हात आवरला.

यानंतर दहा दिवस काहीच केलं नाही, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. ऑगस्टची हवा, टो आतून ओला. उन्हात ठेवायची नाही, फॅनखाली आडवी ठेवली. आई रोज केर काढताना विचारायची, "हिला काय हळद लावून बसवलीय का?"

चिरेचं काम बिल्डिंगमधल्या सुतारकाकांनी केलं. फेविकॉल पातळ करून इंजेक्शनच्या सिरिंजने चिरेत सोडला, दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठेवून सी-क्लॅम्प आवळला, एक दिवस तसाच. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले तुमच्या या लाकडात काही दम नाही, सागवानाची बनवा.

तेलासाठी रंगाच्या दुकानात गेलो. तिथे अळशीचं तेल मागितलं तर पहिला प्रश्न, रॉ की बॉइल्ड? बॉइल्ड घेऊ नका, त्यात लवकर सुकायची औषधं घातलेली असतात, ते वरच्यावर पापुद्रा धरतं. रॉ घ्यायचं. एक चमचा तेल पूर्ण बॅटला पुष्कळ होतं. मागची बाजू, कडा, टो नीट, फेसवर अगदी पुसट हात. हँडल जिथे पात्यात बसतं त्या व्हीजवळ अजिबात नाही, तिथला गोंद सुटतो. मग तीन दिवस आडवी. फेसवरून बोट फिरवलं आणि बोटाला चकाकी आली नाही, तेव्हाच पुढे गेलो.

नवीन शीट धोबीतलावला मेट्रोच्या बाजूला स्पोर्ट्सची दुकानं आहेत तिथून आणली. जाड धाग्यांची आणि पातळ पारदर्शक असे दोन प्रकार मिळतात, मी पातळ घेतली. डोक्यात आलं होतं की दोन थर लावू, पण क्रिकेटच्या नियमात फेसवरच्या आवरणाला १ मिलिमीटरची मर्यादा आहे, आणि तसंही जितका थर तितका स्ट्रोक मेलेला.

पहिली शीट मी एकट्याने लावली आणि घालवली. पूर्ण कागद एकदम सोललात की संपलं, शीट वाकडी बसते, आणि एकदा धरली की परत सरळ उचलत नाही. २५० रुपये पाण्यात. दुसरी लावताना बहिणीला बसवलं. वरचा दोन इंचाचाच कागद सोलला, स्टिकरच्या खाली सरळ रेषेत चिकटवलं, मग ती खालून कागद ओढतेय आणि मी वरून लाटण्याने दाबत खाली येतोय, मधून कडेकडे, हवा बाहेर काढत. आईचं लाटणं. त्यावर घरात जो वाद झाला तो वेगळा लेख होईल. कडांवरून शीट दुमडून मागे पाव इंच घेतली, जास्त नाही, मागून लाकडाला श्वास घ्यायला जागा हवी. टोच्या कोपऱ्यांना कात्रीने व्ही कापला म्हणजे चुणी पडत नाही. खाली टो गार्ड (टो झाकणारी पट्टी) चिकटवला, जो खरं तर पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. बुडबुडे सुईने टोचून अंगठ्याने बसवले.

किचनच्या काट्यावर जुनी शीट आणि टेप मिळून २२ ग्रॅम भरली होती, बॅट आता १४ ग्रॅमने हलकी आहे. मोज्यात जुना चेंडू घालून दोन संध्याकाळ हलकं नॉकिंग केलं, मग नेटमध्ये गेलो. टक्क. पूर्वीइतका नाही, पण टक्क.

एक बुडबुडा अजून आहे, वर खांद्याजवळ, सुईलाही दाद देत नाही. राहू दे म्हटलं. तिथे चेंडू लागला की मी तसाही कॅच आउटच असतो.