डिसेबिलिटी पेन्शन नाकारली, त्यानंतर आम्ही काय केलं

आमचे हे 2019 साली लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले. गाव गडहिंग्लज तालुक्यात. नोकरीची शेवटची काही वर्षं ते बीपीमुळे कॅटेगरीत होते, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या मेडिकल श्रेणीत. घरी सोडण्याआधीच्या मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व, तेही कायमचं, असं लिहिलं होतं. सर्व्हिस पेन्शन वेळेत सुरू झाली. डिसेबिलिटीचं मात्र पत्र आलं: आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, सबब दावा नामंजूर.

यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. "वरनं आलंय. आता काय बोलायचं त्यात?" हुकूम पाळण्यात ज्याची उमर गेली त्याला नकाराचं पत्रही हुकूमच वाटतं. आमच्या भागात घरटी एक फौजी सापडेल. अशी किती पत्रं किती पेट्यांत पडून असतील, या विचाराने मला अजून संताप येतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्याच पत्राच्या शेवटी एक ओळ होती: निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करता येईल. शेजारच्या सुभेदार साहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, अपील लिहायची घाई करू नगा. आदी बोर्डाचे सगळे कागद मागवा. नाकारलं ते कशावरनं, ते तितं दिसतंय." आम्ही रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला, सोबत माहिती अधिकाराचाही अर्ज जोडला. कागद आले.

ते कागद मी स्वयंपाकघरात बसून ओळीवर पट्टी ठेवून वाचले. भरतीच्या वेळच्या तपासणीत बीपी नॉर्मल, कुठलाही आजार नाही. मधल्या वर्षांतल्या पोस्टिंगची यादी, त्यात काश्मीर आणि ईशान्येकडची फील्ड ड्युटी. आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो फील्डवरून परत आल्यावर, शांत ठिकाणच्या युनिटमध्ये. बोर्डाच्या फॉर्मवर विचारलं होतं, आजार सेवेमुळे झाला का? उत्तर, नाही. कारणाच्या रकान्यात एवढंच, की आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली. एवढ्या नोकरीचा निकाल एका वाक्यात लावलेला! बोर्डावरच्या डॉक्टरांनी आधीच्या पोस्टिंगकडे पाहिलं की नाही, ते कागदावरून कळत नव्हतं.

नंतर वकिलांनी समजावलं की नेमक्या याच मुद्द्यावर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात निकाल दिलेला आहे. भरती करून घेताना आजाराची नोंद नसेल आणि नंतर तो उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायला हवीत. सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही, आणि शंकेचा फायदा सैनिकाला. हे ऐकून यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हुशारी आली.

पहिलं अपील फेटाळलं गेलं, जवळजवळ त्याच शब्दांत. दुसऱ्या अपिलाला उत्तरच आलं नाही. पण ही पायरी वगळता येत नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे सगळे ज्याला एएफटी म्हणतात तिथे जायचं, तर आधी खात्यातले उपाय करून पाहिलेले असावे लागतात. शेवटचा आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत करायचा. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडता येतो. महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईला आहे. 

याच काळात घरपट्टीचाही प्रश्न निघाला. माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी राज्याची योजना 2020 पासून आहे, एका घरापुरती. आमच्या ग्रामपंचायतीत तोंडी सांगितलं, "तुमची डिसेबिलिटी नामंजूर झाली आहे, तुम्हाला बसत नाही." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही! सर्व्हिस पेन्शन घेणारा माणूस माजी सैनिकच असतो, कॅटेगरी असो वा नसो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, दाखवून दाखला घेतला आणि लेखी अर्ज देऊन पोच मागितली. पोच मागितल्यावर बोलणं बदललं, आणि काही दिवसांत माफी लागू झाली.

वर्दी घातलेला प्रत्येक जण मात्र माजी सैनिक ठरत नाही, हेही सांगायला हवं. पेन्शन मिळण्याआधीच स्वतःच्या अर्जावर नोकरी सोडली तर सहसा बसत नाही. कोल्हापुरात टेंबलाईला टीए, म्हणजे प्रादेशिक सेनेची, बटालियन आहे. तिथून आलेल्यांनाही पेन्शन, सेवेमुळे आलेलं अपंगत्व किंवा शौर्यपदक यांपैकी काही असावं लागतं. म्हणून "अपात्र" ऐकलं की पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या नियमाने? आणि दुसरा: हे देणं केंद्राचं की राज्याचं? पेन्शन केंद्राची, तिचं भांडण एएफटीत. घरपट्टी, शिष्यवृत्ती, राज्याच्या नोकरीतलं आरक्षण ही राज्याची, तिथे एएफटी कामाची नाही. आधी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग वेळ आलीच तर नोकरीतल्या आरक्षणासाठी राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज आणि बाकीसाठी उच्च न्यायालयात रिट. रिटसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालं आहे.

एएफटीच्या तारखांना आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचो. दरवेळी आपण असायलाच हवं असं नाही, वकील असतात. पण मला स्वतः ऐकायचं होतं. सरकारी वकिलांनी तेच शांतता क्षेत्राचं कारण सांगितलं. आमच्या वकिलांनी पोस्टिंगची यादी आणि भरतीची तपासणी पुढे ठेवली. निकाल आमच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालाप्रमाणे अपंगत्व 30 टक्क्यांऐवजी 50 टक्केही धरलं गेलं. फरक मोठा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते, त्या हिशेबाने 30 टक्के अपंगत्वाला पगाराच्या 9 टक्के आणि 50 टक्क्यांना 15 टक्के. 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी आमच्या हिशेबावर न जाता ते नियम बघावेत.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. दिलेली मुदत उलटून गेली, तेव्हा अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागला, आणि मग कुठे सूत्रं हलली.

गल्लीतल्या एका काकूंचे यजमान कितीतरी वर्षांपूर्वी असंच पत्र घेऊन घरी आले होते. ते गेले, पत्र राहिलं. काकूंना वाटत होतं आता सगळं संपलं. पेन्शनचा हक्क दर महिन्याला बुडतो, म्हणून उशिरानेही दाद मागता येते. फक्त सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी सहसा अर्ज करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. एकेक वर्ष घालवणं म्हणजे काय, ते यावरून कळावं. बाईला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. शिवाय जुलै 2025 पासून वीर परिवार सहायता योजनेत सैनिक मंडळांमध्ये कायदेशीर सल्ल्याची सोय होऊ लागली आहे. काकूंचा अर्ज आम्ही बसून लिहिला, कागद जोडले, आता प्रकरण दाखल झालं आहे.

आमचा सुधारित पीपीओ आला तेव्हा यांनी रक्कम पाहिली आणि मी रकाने पाहिले. तुम्हीही स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या पोर्टलवर, लॉगिन करून तपासा: टक्के 50 लागले आहेत का, मुदत "आयुष्यभर" आहे का, आणि तारीख निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची आहे का. आमची तारीख चुकीची पडली होती. तक्रार नोंदवल्यावर ती दुरुस्त झाली आणि राहिलेला फरक खात्यात जमा झाला.