तंबाखूच्या बरण्या: चौथा पावसाळा पार

मंडळी, मागच्या दिवाळीनंतर काही लिहिलंच नाही कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं, आणि आपल्या या छंदात काही न घडणं हीच चांगली बातमी असते. तर पाइपचा तंबाखू मुरवायला जानेवारी 2022 मध्ये भरलेल्या सहा बरण्यांनी माहीमचा चौथा पावसाळा काढला. पाच ठणठणीत, एक गेली.

गेलेलीचं आधी सांगतो. पाच काचेच्या होत्या, रबरी कडेच्या पत्र्याच्या झाकणाच्या, सहावीला काच कमी पडली म्हणून घरातली जाड प्लॅस्टिकची बरणी घेतली, म्हटलं घट्ट बसतंय ना झाकण, मग झालं तर. ठेवली कपाटात वरच्या खणात, रजयांच्या मागे. रजयांत डांबरगोळ्या. परवा उघडली आणि व्हर्जिनिया तंबाखूच्या त्या सुक्या गवतासारख्या गोड वासाऐवजी थेट आजीची ट्रंक! नॅप्थलीन जाळून ओढायची हौस नाही, सगळं कचऱ्यात. प्लॅस्टिकमधून वासही जातो आणि दमटपणाही, हे वाचलेलं होतं हो, पण वाचलेलं आणि भोगलेलं यात फरक असतो.

चीड वेगळ्याच गोष्टीची आली. भरताना प्रत्येक बरणीचं वजन किचनच्या काट्यावर करून चिकटपट्टीवर लिहिलं होतं आणि दर वर्षी पावसाळा संपला की परत करतो, न उघडता सील कळायला याहून सोपा उपाय मला तरी सापडला नाही. काचेच्या पाचही ग्रॅमला ग्रॅम तेवढ्याच. प्लॅस्टिकवाली 2023 लाच 2 ग्रॅमने वाढलेली, माझ्याच अक्षरात वहीत लिहिलंय, आणि पुढे काय केलं? काही नाही.

आता गोड बातमी. इंग्लंडमधल्या केंडलचा फुल व्हर्जिनिया फ्लेक (दाबून पट्ट्या कापलेला तंबाखू), 50 ग्रॅम, उघडला. झाकण निघताना फुस्स झालं. भरताना तपकिरी होता तो आता जवळजवळ काळा, आणि पट्ट्यांवर बारीक पांढरे कण. पोटात गोळा आला, बुरशी! टॉर्च मारला तर चमकतायत, कापसासारखं काही नाही, कुबट वास नाही, बोटाने चोळलं तर रेतीसारखं लागलं. म्हणजे स्फटिक, बुरशी नव्हे. आई मागून बघत होती, म्हणाली, "मोरंब्यात पण साखर अशीच वर येते, टाकू नकोस." वास मनुका आणि चिंचेच्या मधला, आणि ओढताना जिभेला चावा नाही, जो ताज्यात मला हमखास बसायचा.

त्याच दिवशी भरलेलं 965 हे लटाकियाचं (धुरावर सुकवलेल्या तंबाखूचं) मिश्रण मात्र उलट. लटाकियाचा तो लाकडाच्या धुराचा दणका ओसरलाय, गुळगुळीत झालंय, पण मला दणकाच आवडायचा. व्हर्जिनिया कमावतं, लटाकिया गमावतं, त्यामुळे यापुढे लटाकिया वर्ष-दोन वर्षांत संपवणार. चेरी-व्हॅनिलावाले अ‍ॅरोमॅटिक तर मी साठवतच नाही, वरून लावलेला वास उडतो आणि मागे काही उरत नाही.

न उघडलेले टिन तसेच ठेवले तर चालतं का, असं एकाने विचारलं होतं. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, दोन टिनांच्या खालच्या शिवणीला गंज धरलाय, एकाचं झाकण अंगठ्याने दाबलं की टक वाजतं म्हणजे व्हॅक्यूम गेला. ते दोन्ही या आठवड्यात काचेत. बाकीचे टिन झिप पिशवीत घालून ठेवतोय.

नवीन भरणी जानेवारीतच, तेव्हाच काय ती आपल्याकडे हवा जरा कोरडी असते. बायकोने रजया हलवायला साफ नकार दिलाय, म्हणून बरण्याच पलंगाखाली गेल्यात.