सूचीला किती पाने?

कोणते नाव वा विषय कोणत्या पानावर आहे ते सांगणारी पुस्तकाच्या शेवटची सूची किती पानांची असावी, हे खरे तर विषयाने ठरवायला हवे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा छपाईचा सोळा पानी फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा गठ्ठा ठरवतो. मजकूर आणि परिशिष्टे लागून झाल्यावर शेवटच्या फॉर्मात जी पाने कोरी उरतात, ती सूचीच्या वाट्याला येतात. पंगत उठल्यावर वाढप्यांनी जेवायला बसावे, तसाच हा प्रकार.

समजा, मराठी संगीत नाटकाच्या इतिहासावरचे पुस्तक आहे. मजकुराची २५५ आणि सुरुवातीची ८ मिळून २६३ पाने झाली, तर सतरा फॉर्मांच्या २७२ पानांपैकी ९ हाती राहतात. बारीक टाइपात दोन स्तंभ लावले की पानावर ऐंशीच्या आसपास, म्हणजे एकूण ७२० ओळी मिळतात. पानामागे नोंदवण्याजोगे पाच उल्लेख आणि ओळीमागे दोन पृष्ठांक धरले, तर साधारण ६४० ओळी लागतील. हिशेब बसलासे वाटते.

पण मग बालगंधर्व येतात. त्यांच्या नावापुढे साठ पृष्ठांकांची रांग लावली तर जागा वाचते खरी. मात्र १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी कशी निघाली, एवढेच पाहायचे असणाऱ्याने साठ पाने चाळायची का? तिथे ‘किर्लोस्कर मंडळीत’, ‘स्त्रीभूमिका’, ‘गायन’, ‘कर्ज’ अशा पोटनोंदी हव्यातच, आणि प्रत्येक पोटनोंद किमान एक ओळ खाते. शिवाय ‘राजहंस, नारायण श्रीपाद : पाहा बालगंधर्व’ ही ओळ टाळता येत नाही. (पृष्ठांक एकदोनच असतील, तर ‘पाहा’ लिहिण्यापेक्षा ते दोन्ही ठिकाणी देणे स्वस्त पडते.) ‘ठ’खाली तर एकटी ठुमरी असते, आणि तिच्यापायी अक्षराचे शीर्षक व मोकळी ओळ धरून तीन ओळी जातात.

जागा अपुरी पडली की पहिली कात्री पोटनोंदींवर चालते, हे मला अजिबात पटत नाही. त्याऐवजी ओझरते उल्लेख गाळावेत. एखाद्या प्रयोगाला कोण कोण हजर होते, याच्या यादीतल्या प्रत्येक नावाला नोंद कशाला हवी? अर्थात त्या मंडळींचे नातलग पुस्तक हातात पडताच आधी सूचीच उघडतात, हे लेखकाला ठाऊक असते आणि तो हट्टाला पेटतो. महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी आवृत्तीत शंभरांपैकी ९८वा खंड विषयसूचीला आणि ९९वा व्यक्तिसूचीला दिला आहे; तेवढी ऐसपैस जागा एका पुस्तकाला कुठून मिळणार?

तेव्हा पानांची मागणी पुस्तक जुळणीला जाण्यापूर्वीच नोंदवावी. कारण त्या उरलेल्या नऊ पानांपैकी दोन ‘आमची इतर प्रकाशने’ या यादीने पहिल्या दिवसापासून अडवून ठेवलेली असतात, आणि प्रकाशकाशी पहिली घासाघीस तिथूनच सुरू करावी लागते.