स्टार्टरचं झाकण आणि ए. ललिता
आज चोपड्याजवळ आमच्या केळीच्या मळ्यात पाण्याची मोटर पुन्हा बंद पडली. वायरमन यायला संध्याकाळ होणार होती. लेक सुट्टीला आलेली, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तिने डीपीचा मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि स्टार्टरचं, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीचं, झाकण उघडलं. बांधावरून आई ओरडली, "करंट लागी जाई व माय!" कॉन्टॅक्टचे पॉइंट जळून काळे पडले होते, एका फेजचा तर पार खड्डाच झालेला. तिने नवे बसवले. मोटरने पाणी ओढलं तेव्हा खरं सांगतो, मला भरून आलं.

मला आठवल्या ए. ललिता. १९१९ साली मद्रासला जन्म, पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. तरी गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, चाळीसच्या दशकात! पुढे कलकत्त्यात नोकरी, भाक्रा-नांगलच्या जनित्रांचं काम. १९६४ मध्ये महिला अभियंत्यांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला न्यूयॉर्कलाही गेल्या.

रात्री हे सगळं आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच विचारलं, "आन तिनी आंडेर?"

तिची मुलगीही शिकली, म्हटलं. आईने लेकीच्या काळ्या झालेल्या बोटांना खोबरेल लावलं.